दगड झालेल्या लाकडात वलयेच नाहीत, मग त्यात वाचायचे काय?

प्रश्न
संग्रहालयात अश्मीभूत लाकडाची घासून गुळगुळीत केलेली चकती पाहिली. बराच वेळ शोधूनही वार्षिक वलये दिसली नाहीत. पाटीवर मात्र ‘उष्णकटिबंधीय जंगलातील वृक्ष’ असे लिहिले होते. हे ठरवतात कशावरून?

प्रतिसाद १
दगड होताना वलये पुसली गेली असतील.

प्रतिसाद २
पुसली गेली असतील असे नाही. थंडीने किंवा कोरड्या ऋतूने वाढ अडली की वलयाची रेघ उमटते. बारा महिने ऊब आणि पाऊस असेल तर खोड थांबतच नाही, मग रेघ येणार कुठून? वलय नसणे हीच मोठी खूण आहे.

मी अशा लाकडाचे पातळ छेद करते. काचेवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन तुकडा घासत बसायचे, साधारण ०.०३ मिलिमीटर जाडी येईपर्यंत. शेवटच्या टप्प्यात हात जरा जड पडला की सगळा छेद निघून जातो. पण तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पेशींच्या भिंती लख्ख दिसतात! लाकूड कुजण्याआधी सिलिका विरघळलेले पाणी त्यात मुरले, म्हणून त्या टिकल्या. ही सिलिका बऱ्याचदा ज्वालामुखीच्या राखेतून येते.

मी आधी जलवाहिन्या मोजते. रुंद वाहिनीतून पाणी भरभर चढते, पण पाण्याची ओढ वाढली की तिच्यात हवेचा बुडबुडा शिरून ती निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून कोरड्या मुलखातल्या झाडांत वाहिन्या बहुधा अरुंद आणि दाट असतात. मोठ्या, सगळीकडे विखुरलेल्या वाहिन्या दिसल्या तर पाणी मुबलक होते असे समजायचे.

तुमच्या चकतीवर ठिपकेच ठिपके होते का? तसे असेल तर तो ताड-माडाच्या कुळातला असेल. त्यांना वलये कधीच नसतात, त्यामुळे तिथे ही खूण चालत नाही. तरी कडक गोठण ताडांना सोसत नाही, एवढे त्यातूनही कळते. उलट सागवान उष्ण प्रदेशातले असूनही ठसठशीत वलये धरते. म्हणून एका खोडावर निकाल देऊ नये, एकाच थरातली अनेक खोडे पाहावीत.

मूळ प्रश्नकर्ता
हो, ठिपकेच होते! पण खोड वाहून आलेले असेल तर?

प्रतिसाद २
अगदी योग्य शंका. तमिळनाडूत तिरुवक्करैची खोडे आडवी पडलेली आहेत, त्यांना मुळे-फांद्या नाहीत. ती नदीने आणून टाकली असे मानतात. मुळे मातीत रोवलेला बुंधा मिळाला तर जंगल तिथलेच. पेरूमध्ये सेक्सी गावाजवळ सुमारे ३.९ कोटी वर्षांपूर्वीचे जंगल ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. तिथे खोडांसोबत पानांचे ठसेही आहेत. आज ती जागा अँडीजमध्ये २,५०० मीटरहून उंच आहे, पण झाडे सखल, उष्ण प्रदेशातली आहेत. म्हणजे तेव्हा ती जमीन पुष्कळ खाली होती. डोंगर किती उचलला गेला याचा अंदाजही मला त्या लाकडातच दिसतो.