पहाटेची फेरीबोट आणि सोबत दोन लहान मुलं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात गाडीसकट फेरीबोटीने पलीकडे जायचं ठरतंय. मी, नवरा, सासूबाई, सहा वर्षांची लेक आणि दीड वर्षाचा धाकटा. पहिली बोट सकाळी सहाला सुटते, त्यानंतरची थेट अकराला. पाण्यावरचा प्रवास सव्वादोन तासांचा. गाडीवाल्यांनी तासभर आधी धक्क्यावर हजर राहायचं, आणि आमच्या घरापासून धक्का दोन तासांवर. म्हणजे सहाची बोट धरायची तर अडीचला उठून तीनला घर सोडायला हवं.

सगळे सांगतात की सकाळी समुद्र शांत असतो, सहाचीच घ्या. मला ते पटतंय, कारण लेकीला गाडी लागते. वळणांचा रस्ता आला की दहा मिनिटांत तिचा चेहरा पांढरा पडतो, गप्प होते, जांभया द्यायला लागते, आणि मग उलटी. बोटीत ती अजून कधी बसलेली नाही. धाकट्याला गाडीत काहीही होत नाही, पण झोपेतून उठवलं की तासभर कुणाच्या हाती लागत नाही. त्यातून तो आता नुसता पळतो. धरून ठेवलेलं त्याला अजिबात खपत नाही.

मला नक्की हे हवंय: अडीचला उठवायचं की काही दुसरा मार्ग आहे? लेकीला औषध द्यायचं तर कोणतं, किती आधी, आणि त्याआधी खायला घालायचं का? बोटीत बसायला कोणती जागा बरी? लहानग्यांच्या मापाची लाइफ जॅकेट असतात का, की आपली न्यावीत? आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात, गाडीच्या डेकवरून वर जायला जिने असतात असं ऐकलंय.

लेकीने या प्रवासाची खूप वाट पाहिली आहे. तिचा पहिलाच समुद्रप्रवास उलट्यांत जाऊ नये एवढंच वाटतं. ज्यांनी मुलांना घेऊन असा प्रवास केलाय त्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद

ताई, समुद्रापुरतं बोलायचं तर सहाचीच बोट चांगली. ऊन चढलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, जमिनीवरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत यायला लागतो. हा वारा साधारण उशिरा सकाळी सुरू होतो आणि दुपारी जोर धरतो. वाऱ्याबरोबर बारीक, खळबळणाऱ्या लाटा येतात. पहाटे तो नसतो, म्हणून पाणी सपाट दिसतं.

पण दोन गोष्टी पहाटेच्या हातात नसतात. एक म्हणजे दूरच्या वादळाने उठलेला लांब हेलकावा. किनाऱ्यावर पान हलत नसलं तरी तो येतो, आणि बोट लागणाऱ्यांना तोच जास्त छळतो. दुसरं धुकं. धुक्यात बोट उशिरा सुटू शकते, मग तयार होऊन बसलेल्या मुलांना घेऊन धक्क्यावर ताटकळावं लागतं. आदल्या संध्याकाळी हवामानाचा अंदाज पाहताना नुसता वारा पाहू नका, लाटांची उंची आणि धुकंही पाहा.

जागा मधलीच घ्या, आणि जितकी खाली मिळेल तितकी. बोट लाटेवर चढते-उतरते तेव्हा पुढचं टोक सगळ्यात जास्त वर-खाली होतं, मधला भाग सगळ्यात कमी. मुलं हट्टाने पुढच्या काचेपाशी जातात, दृश्य तिथूनच छान दिसतं ना. लेकीला तिथे थोडा वेळ उभी करा, पण बसवू नका.

प्रतिसाद

मी बालरोगतज्ज्ञ आहे. औषधाबद्दल लिहिते, पण मात्रा इथे सांगणार नाही. ती वजनावर ठरते, तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

धाकट्याला काही देऊ नका. दोन वर्षांखालच्या मुलांना बोट क्वचितच लागते, आणि या औषधांपैकी प्रोमेथाझिन तर त्या वयात देतच नाहीत, कारण श्वास मंदावण्याचा धोका असतो. त्रासाचं खरं वय साधारण दोननंतर सुरू होतं आणि नऊ-दहाच्या आसपास सगळ्यात जास्त असतं. तुमची लेक त्याच टप्प्यात आहे.

तिच्यासाठी डॉक्टर बहुधा डायमेनहायड्रिनेट किंवा प्रोमेथाझिन सुचवतील. पहिलं प्रवासाच्या अर्धा ते एक तास आधी देतात, दुसरं त्याहून आधी. मळमळ सुरू झाल्यावर दिलं तर फारसा उपयोग होत नाही, तेव्हा पोट काही आत घ्यायलाच तयार नसतं. तुमच्या बेतात आधी दोन तास गाडी आहे, म्हणजे औषध बोटीच्या नव्हे, गाडीच्या वेळेवर द्यावं लागेल. मग त्याचा असर बोटीच्या शेवटापर्यंत पुरेल का, हे डॉक्टरांना वेळापत्रक दाखवून विचारा.

यांनी झोप येते. पण काही मुलं उलट चेकाळतात, रडारड करतात. म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन पाहा. त्या पहाटे धक्क्यावर पहिल्यांदा देऊ नका.

पोट अगदी रिकामं नको आणि गच्चही नको. उठल्यावर थोडं कोरडं, बिनतेलकट खायला द्या. पाणी घोट-घोट.

मूळ लेखिका

डॉक्टर, मनापासून आभार. घरी उलटीसाठी ओन्डॅन्सेट्रॉनचं सिरप आहे, मागे पोट बिघडलं तेव्हा दिलेलं. तेच चालेल का? आणि बोटीत तिला मोबाइलवर काहीतरी लावून द्यायचा विचार होता, म्हणजे लक्ष दुसरीकडे राहील.

प्रतिसाद

डॉक्टरच पुन्हा. नाही, ते चालणार नाही. पोटाच्या संसर्गातल्या उलटीवर ते उपयोगी आहे, बोट लागण्यावर नाही. इथे गडबड पोटात नसतेच. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं.

म्हणूनच मोबाइलही नको, पुस्तक नको, चित्र रंगवणं नको. मान खाली घालून जवळचं पाहिलं की त्रास वाढतो. तिला क्षितिज पाहू द्या. लांबचा दिवा, दुसरी बोट, पक्षी असं शोधायला सांगा. गोष्टी कानाने ऐकू द्या. आणि झोप आली तर झोपू द्या, डोळे मिटलेले असले की अर्धा झगडा संपतो. तुम्ही लिहिलंय ना, पांढरी पडते, जांभया देते? त्या जांभया दिसताच तिला मोकळ्या हवेत न्या, उलटी होईपर्यंत थांबू नका.

प्रतिसाद

गाड्या नेणाऱ्या बोटींवर काही वर्षं काम केलंय, म्हणून थोडं विस्ताराने.

गाडी आत घेताना लोखंडी रॅम्पच्या पट्ट्यांचा मोठा खडखडाट होतो आणि सुटताना भोंगा वाजतो. अर्धवट झोपेतलं मूल यांना जाम घाबरतं. आधीच्या दिवशी सांगून ठेवा आणि भोंग्याच्या वेळी धाकट्याला उघड्या डेकवर नेऊ नका.

गाडी लावली की हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि गाडीचा अलार्मही बंद करा, नाहीतर हेलकाव्याने तो वाजत राहतो. बोट मोठी आणि पाणी मोकळं असेल तर प्रवासभर गाड्यांचा डेक बंद ठेवतात, मधे काही आणायला सोडत नाहीत. त्यामुळे वर लागणारं सगळं एका वेगळ्या पिशवीत आधीच काढून ठेवा: डायपर, पुसायचे ओले रुमाल, लेकीचे कपड्यांचे दोन जोड, तुमच्यासाठीसुद्धा एक सदरा, झाकणाचा डबा किंवा जाड पिशव्या, पाणी, वाऱ्याची जाकिटं. आई-वडिलांचे कपडे कुणीच घेत नाही, आणि उलटी बहुतेक वेळा आईच्याच अंगावर होते. डेकचा नंबर आणि जिन्याचा रंग पाहून ठेवा. उतरताना सगळे एकदम खाली जातात आणि गाडी सापडत नाही. पुढची फळी उघडून खूण होईपर्यंत इंजिन सुरू करू नका, खाली धूर कोंडतो आणि मुलांचं नाक त्याच उंचीवर असतं.

आता ज्याकडे कुणी पाहत नाही ते सांगतो. बोटीची दारं लोखंडी, जड आणि आपोआप मिटणारी असतात. खाली वीतभर उंच उंबरा असतो, पाणी आत येऊ नये म्हणून. धावणारं दीड वर्षाचं मूल त्या उंबऱ्याला अडखळतं आणि तोल सावरायला हात टाकतं तो थेट दाराच्या बिजागरीच्या फटीत. मी कठड्यापेक्षा या फटीला जास्त घाबरतो. दारातून जाताना त्याला उचलूनच घ्या, दर वेळी. कठड्यापाशी मात्र त्याला खांद्यावर किंवा कठड्याच्या दांडीवर बसवून फोटो काढू नका.

लाइफ जॅकेटचं. ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे तीन मापं असतात: पंधरा किलोच्या आतली तान्ही, पंधरा ते त्रेचाळीस किलोची मुलं आणि त्यावरचे मोठे. मुलांची जाकिटं एकूण प्रवाशांच्या किमान १० टक्के आणि दिवसाभराच्या आतल्या प्रवासात तान्ह्यांची किमान २.५ टक्के ठेवावी लागतात. देशातल्या देशात चालणाऱ्या बोटींचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून तिकीट काढतानाच विचारा की दोन्ही मापं आहेत का आणि कुठे ठेवलीत. धाकट्याचं तिकीट फुकट असलं तरी त्याचं नाव नोंदवून घ्या. माणसं मोजताना तो त्या मोजणीत असायला हवा.

आणि एक. त्याला अंगाला बांधायच्या झोळीत घेणार असाल तर जिन्यांवर ती उत्तम, बाबागाडीपेक्षा कितीतरी सोयीची. पण जाकीट घालायची वेळ आली तर झोळी आधी सोडायची. मूल आपल्याला बांधलेलं राहता कामा नये, त्याला स्वतःचं जाकीट हवं.

प्रतिसाद

सासूबाईंसाठी: मोठ्या बोटींवर लिफ्ट असते, पण सगळ्या गाड्या तिच्याजवळ लावत नाहीत. तिकीट काढताना कळवा आणि धक्क्यावर रांगेत लागण्याआधी तिथल्या माणसालाही सांगा. एकदा गाड्या खेटून उभ्या राहिल्या की दार उघडून उतरायलाही जागा राहत नाही. लिफ्ट नसेल तर त्यांना आणि मुलांना रॅम्पआधीच उतरवून पायी प्रवाशांच्या वाटेने नेऊ देतात का विचारा. अशा वेळी ओहोटी असेल तर ती उतरण बरीच तीव्र होते. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्या तारखेची पाहून ठेवा.

प्रतिसाद

सगळे समुद्राबद्दल बोलतायत. मला भीती रस्त्याची वाटते. अडीचला उठून तीन ते पाच गाडी कोण चालवणार? तुमचे यजमान. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शरीराला झोप सगळ्यात जास्त हवी असते, आणि चालकाला डुलकी लागून होणारे अपघात त्याच वेळात जास्त. मागे दोन मुलं आणि आई. बोटीत फार तर उलटी होईल.

एक तर अकराची घ्या, नाहीतर आदल्या संध्याकाळी धक्क्याजवळ मुक्काम करा. तिसरा पर्याय मला दिसत नाही. मुक्कामाचा खर्च वाढेल, पण लेकीची गाडी आणि बोट यांच्यात एक पूर्ण रात्र पडेल, हेही बघा.

मूळ लेखिका

हे वाचून आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसलो. नवऱ्याचं म्हणणं होतं की त्याला जमेल, पण तो त्या दिवशी ऑफिस करून येणार आहे, म्हणजे झोप जेमतेम चार तास. ते नको.

तर ठरलं असं: आदल्या दिवशी दुपारी निघायचं, धक्क्यापासून दहा मिनिटांवर राहायचं, बोट सहाचीच. मुलांना रात्री प्रवासाच्या कपड्यांतच झोपवणार. सव्वाचारला आम्ही मोठे उठू, लेकीला साडेचारला, धाकट्याला निघताना तसाच उचलायचा. आधीच्या आठवड्यात दोघांना रोज थोडं थोडं लवकर झोपवायला सुरुवात करते. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, औषध रविवारी घरी देऊन बघू. बोटवाल्यांना फोन केला: लिफ्ट आहे, दोन्ही मापांची जाकिटं आहेत, सासूबाईंची नोंद केली. दाराच्या फटीचं नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. धाकटा पूर्ण वेळ त्याच्याकडे, लेक माझ्याकडे, अशी वाटणी.

एकच राहिलं. परतीची बोट दुपारी चारची आहे, दुसरी नाहीच. तेव्हा वारा असणार. काय करू?

प्रतिसाद

बोटीवर काम केलेला मीच. चारला वारा असेल हे धरूनच चला. औषध, मधली जागा आणि हलकं जेवण, तेही निघण्याच्या दोन तास आधी. उघड्या डेकवर जाल तर टोप्या आणि जाकिटं घाला. बोट ताशी पंधरा सागरी मैलांनी गेली तर वारा नसतानाही तासाला अठ्ठावीस किलोमीटरचा झोत लागतो, त्यात समोरचा वारा मिळवला की दोन वर्षांखालचं मूल पाच मिनिटांत गारठतं. तिकीट काढताना तारीख बदलून मिळते का हे विचारून ठेवा आणि परतीचा दिवस सुट्टीच्या अगदी शेवटच्या दिवसावर ठेवू नका. खराब हवेचा इशारा असला तर दुसऱ्या दिवशी या.