सोबत मूल नाही, तिकीट एकच: परीकथांच्या गाण्यांवर जीव असलेल्या मोठ्यांचे अनुभव

दादर (धागा काढणारी)

मंडळी, डिस्नेचा 'फ्रोझन' हा कार्टूनपट मी पहिल्यांदा पाहिला तो भाचीच्या निमित्ताने, २०१३ साली. पॉपकॉर्न संपल्यावर भाची मांडीवर झोपली आणि हाताने बर्फ करणारी राणी एल्सा डोंगर चढायला लागल्यावर मी जी रडायला लागले ती थांबेचना. पुढच्या आठवड्यात ऑफिसात अर्धी रजा टाकून एकटीच गेले. खिडकीवरच्या पोराने विचारलं, "एकच? मुलं मागून येतायत का?" मी हो म्हणून मोकळी. त्या कधीच न आलेल्या मुलांची अजून लाज वाटते.

तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा. वय सांगायची सक्ती नाही.

डोंबिवली

अगदी अगदी! सकाळची फास्ट, लेडीज डबा, चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली मी, कानात एल्साचं 'लेट इट गो'. आपण मोठ्याने गातोय हे मला कळलंच नाही. समोर मटार सोलणाऱ्या काकू म्हणाल्या, "आवाज बरा आहे गं, पण पट्टी खालची घे." काकू भजनी मंडळातल्या निघाल्या. दसऱ्याच्या आधी डब्याची पूजा झाली तेव्हा आरती आटोपल्यावर त्यांनी मला उभंच केलं: "आता ती बर्फातली म्हण." खालच्या पट्टीत म्हटलं. ठाण्याला चढलेल्या बायकांना वाटलं, इंग्रजी आरती आहे.

विलेपार्ले

आमचे आजोबा संगीत नाटकांचे वेडे. 'सौभद्र' १८८२चं, पण त्यातली पदं आजोबांना क्रमाने पाठ. त्यामुळे बोलता बोलता माणूस गायला लागतो याचं मला कधी हसू आलं नाही. मित्र वैतागतात, "सारखी गातात काय रे ही?" अरे, तुझ्या पणजोबांनी याच्यासाठीच रात्री जागवल्यात!

फरक आहे तो वेगळ्या जागी. आमच्याकडे पद रंगलं की कथा जागच्या जागी थांबायची. सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी लागायची वेळ आली तरी तिसरा वन्स मोअर झाल्याशिवाय अर्जुन हलायचा नाही. या डिस्नेवाल्यांकडे गाणं संपेपर्यंत कथा चार पावलं पुढे गेलेली असते. 'ब्यूटी अँड द बीस्ट'चं सुरुवातीचं गाणं घ्या. पावाची परात घेऊन निघालेला बेकरीवाला, पुस्तकवाला, कुजबुजणाऱ्या बायका. एका गाण्यात अख्खं गाव कळतं, नायिका बेलला त्याचा कंटाळा आलाय ते कळतं आणि गावातल्या बढाईखोर गॅस्टनचा डोळा तिच्यावर आहे हेही.

हे शब्द हॉवर्ड अ‍ॅशमनचे. तो मार्च १९९१ मध्ये एड्सने गेला आणि सिनेमा आला त्याच वर्षी नोव्हेंबरात. शेवटच्या श्रेयनामावलीत त्याला अर्पण केलेली ओळ आहे. आता घरी टीव्हीवर बघायला गेलं की नावं कोपऱ्यात आकसतात आणि पुढचंच काहीतरी सुरू होतं. उशीखालून रिमोट सापडेपर्यंत ओळ गेलेली असते. दरवेळी हेच.

मुलुंड

आमच्या घरात दोन पार्ट्या. 'फ्रोझन २' (२०१९) हिंदीत आला तेव्हा एल्सा आणि अ‍ॅनाला आवाज दिले प्रियांका आणि परिणीती चोप्रांनी. बहिणींना बहिणींचेच आवाज, मला फार आवडलं. बायको इंग्रजीवरच अडून. मुलगा दोघांना वैतागून मोबाइल घेऊन गॅलरीत.

गिरगाव

मला मूळ गोष्ट शोधायची खोड. 'फ्रोझन' ज्या परीकथेवरून सुचला त्या अँडरसनच्या १८४४च्या 'स्नो क्वीन'मध्ये या बहिणी नाहीतच. शेजारची दोन मुलं आहेत, गेर्डा आणि काय. (मुलाचं नाव काय? तर काय!) सिनेमातसुद्धा एल्सा आधी खलनायिका व्हायची होती. गाणी लिहिणाऱ्या लोपेझ नवरा-बायकोने तिच्यासाठी 'लेट इट गो' लिहिलं आणि ते ऐकल्यावर सगळ्यांना पटकथाच फिरवावी लागली.

बंद दाराबाहेरून मोठ्या बहिणीला हाका मारणारी अ‍ॅना बघून आधी मला हसूच आलं. चाळीत वाढलेली मी. आमचं दार लागायचं ते रात्री झोपताना, तेही शेजारच्या काकूंची वाटी परत गेल्यावर. मग एकदम आठवलं, खोली विकल्यापासून ताई आणि मी दोन वर्षं बोललो नव्हतो. ते दारावरचं गाणं तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, सोबत एक शब्द नाही. लगेच निळ्या खुणा उमटल्या. उत्तर दोन दिवसांनी आलं: "मोठी मी आहे. म्हणजे बर्फ करणारी चेटकीण मीच का?"

रविवारी आली. हातात सोललेल्या वालांचा डबा. खोलीचा विषय दोघींनीही काढला नाही. सिनेमा लावला, तर ताईला सगळ्यात आवडला तो रेनडिअर.

वरळी

ऑक्टोबर २०१५, एनएससीआय डोम. 'ब्यूटी अँड द बीस्ट' रंगमंचावर, आणि मी ऑफिसातून थेट, गळ्यात ओळखपत्र तसंच. सगळी गाणी पाठ, त्यामुळे ओठ हलायचे थांबेनात. मागून एक चिमुरडी आईला म्हणाली, "आई, ती काकू पण गातेय." आई दबक्या आवाजात, "गाऊ दे. लहानपणी बघायचं राहिलं असेल."

वळून काहीतरी सुनावणारच होते, पण तेवढ्यात काटे-चमचे नाचायला लागले.