शब्दचर्चा : पानतोड, दंड आणि ओळीबाहेरचं समीकरण

पंचवटी : लेटेक (टेकवर आधारलेली, गणिती मजकूर जुळवणारी प्रणाली) या विषयावरच्या मराठी टिपणात 'पेज ब्रेक'ला काय लिहावं? आणि 'प्रीडिस्प्लेपेनल्टी' (समीकरणाआधी पान तुटण्याबद्दलची किंमत) यातल्या पेनल्टीला 'दंड' चालेल का?

गंगापूर रोड : पृष्ठभंग म्हटलं की अंगभंग आठवतो. पानतोड बरं. दंड मात्र चपखल आहे, कारण त्या जागी पान तोडलं तर टेक किती भुर्दंड धरतं, त्याचाच तो आकडा. १०,००० म्हणजे मनाई, उणे १०,००० म्हणजे तोडाच, मधली सगळी घासाघीस. ओळीबाहेरच्या, म्हणजे मजकुरापासून वेगळ्या ओळीवर मांडलेल्या समीकरणाच्या आधीचा दंड मुळातच १०,००० असतो, नंतरचा ०. म्हणून समीकरण एकटं पानाच्या माथ्यावर येत नाही, वरची ओळ सोबत घेऊन पुढे जातं. एखाद्या ठिकाणी माथ्यावर चालणार असेल, तर तेवढ्यापुरता आधीचा दंड ० करा.

देवळाली : पण समीकरणाआधी रिकामी ओळ सुटली की हा दंड असून नसल्यासारखा. टेक तिथे नवा परिच्छेद उघडतं, दंड त्या अदृश्य ओळीच्या खाली बसतो आणि पान खुशाल त्या ओळीच्या वरच्या बाजूला तुटतं. लोक आकडा वाढवत बसतात, खोट एन्टरची असते.

पंचवटी : आणि अनेक ओळींचं समीकरण? 'अलाईन' (समीकरणाच्या ओळी एकाखाली एक जुळवणारी रचना) पानाच्या कडेला तुटतच नाही.

देवळाली : आमच्या देवळालीच्या गणिती कापरेकरांचा ६१७४च घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करत जायचं. ३५२४ पासून निघालं तर :
५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४
एएमएसमॅथ (लेटेकची गणितासाठीची जोड) या ओळींमधला दंडही १०,००० ठेवतं. दस्तऐवजाच्या सुरुवातीला 'अलाउडिस्प्लेब्रेक्स' लिहिलं की तो सैल होतो. चौकटी कंसात १ ते ४ देता येतात, १ म्हणजे अगदीच नाइलाज असेल तर, ४ म्हणजे खुली सूट. तरीही शेवटची ओळ एकटी पुढच्या पानावर नको असेल, तर ८३५२ नंतरच्या डबल बॅकस्लॅशला (ओळ संपवणाऱ्या खुणेला) तारा (*) जोडा. उलट, पान ३०८७ नंतरच तोडायचं असेल तर त्या ओळीत 'डिस्प्लेब्रेक' लिहा, पण डबल बॅकस्लॅशच्या आधी.

गंगापूर रोड : 'स्प्लिट', 'अलाईन्ड', 'गॅदर्ड' या अनेक ओळींच्या इतर रचना मात्र डबाबंद. त्यांना कुठलीच सूट लागू होत नाही. तोडायचंच असेल तर 'अलाईन' वापरा आणि क्रमांक नको त्या ओळींना 'नोनंबर' द्या.

पंचवटी : मग पानाच्या तळाशी उरलेल्या जागेचं काय?

गंगापूर रोड : दोन्ही बाजूंच्या छपाईत लेटेक मधल्या जागा ताणून तळ जुळवतं आणि लॉगमध्ये (कामाच्या नोंदवहीत) 'अंडरफुल व्हीबॉक्स', म्हणजे पान पुरतं भरलं नाही, म्हणून कुरकुरतं. 'रॅगेडबॉटम' दिलं की ताण जातो, तळ वरखाली होतो. आणि हाताने घातलेले डिस्प्लेब्रेक अगदी शेवटी, मजकूर कायम झाल्यावरच. वर एक ओळ वाढली की तीच तोड पान अर्ध्यात रिकामं सोडते.