मदत हवी आहे: तळमजल्यावरच्या मांजरीसाठी खिडकीत झडप

अंगणवेल
पुण्यात तळमजल्यावर फ्लॅट आहे. भाटी साडेआठ महिन्यांची, वजन 3.2 किलो. नसबंदी होऊन दोन महिने झाले, रेबीजची आणि तिहेरी अशा दोन्ही लसी पूर्ण आहेत. मुख्य दाराला भोक पाडायचं नाही. मागच्या खोलीत तीन रुळांची स्लायडिंग खिडकी आहे: दोन काचा, एक डासांची जाळी. बाहेर ग्रिल, गजांमध्ये साडेतीन इंच. पलीकडे सोसायटीची बाग आणि पार्किंग. तिला स्वतः ढकलून ये-जा करता येईल अशी झडप कशी बसवावी? डास आणि परिसरातला एक दांडगा बोका, दोघेही आत यायला नकोत.

करवत
काचेच्या नादी लागू नका. टफन्ड काच एकदा तयार झाली की तिला भोक पाडता येत नाही, पाडायला गेलं की अख्खी फुटते. जाळीच्या रुळात प्लायची उभी पट्टी बसवा. काचांचे रूळ मोकळे राहतात, त्यामुळे काच सरकवली की मांजरीची वाट बंद.

18 मि.मी. वॉटरप्रूफ प्लाय, रुंदी 30 सें.मी. उंची जाळीच्या शटरचीच घ्या, कारण पट्टी शटरसारखीच बसते: आधी वरच्या रुळात घुसवायची, मग खाली टेकवायची. खालच्या कडेला रुळाच्या मापाची खाच हवी. ही खाच विसरली की पट्टी डुगडुगते आणि दर धडकेला रुळावरून उतरते. म्हणून सुताराला रूळ प्रत्यक्ष दाखवा, तोंडी माप देऊ नका.

भोक झडपेसोबत येणाऱ्या कागदी साच्यावरून आखा, कोपऱ्यांत 10 मि.मी.ची छिद्रं पाडा आणि मग जिगसॉ (बारीक पात्याची विजेवरची करवत) चालवा. झडपेची खालची कड मांजर जिथे उभी राहील त्या पातळीपासून 10 ते 12 सें.मी. वर हवी, म्हणजे साधारण तिच्या पोटाच्या उंचीला. खिडकी तीन फुटांवर असणार, तेव्हा आत-बाहेर दोन्हीकडे 30 सें.मी. खोल फळी लागेल. कापलेल्या कडांना प्रायमर आणि ऑइलपेंटचे दोन हात द्या, नाहीतर पहिल्या पावसात प्लाय फुगतो आणि झडप अडकते.

डास झडपेतून फारसे येत नाहीत, शेजारच्या फटीतून येतात. पट्टीमुळे जाळीचं शटर 30 सें.मी. आत सरकेल आणि त्याची मोकळी कड काचेच्या शटरला नीट भिडणार नाही. त्या कडेला ब्रशची पट्टी चिकटवा.

साडेतीन इंचांतून 3.2 किलोची मांजर सहज जाते. ग्रिल कापू नका, चोरापासून तीच राखण आहे.

चिपवाली झडप
साध्या झडपेतून बोका नक्की येणार. मायक्रोचिप ओळखणारी झडप घ्या. डॉक्टर मानेमागे चिप टोचतात, 15 आकडी क्रमांक असतो. झडप तोच ओळखून खिटी सोडते. धातू जवळ असला की चिप वाचली जात नाही, म्हणून झडप पट्टीच्या मधोमध ठेवा, ॲल्युमिनियमच्या चौकटीला खेटून नको. सेल संपत आले की दिवा लुकलुकतो. लगेच बदला, नाहीतर मांजर बाहेरच अडकेल.

गळ्यात पट्टा घालणार असाल तर ताण आला की आपोआप सुटणाराच घाला. दोन बोटं आत जातील इतका सैल.

बोका फळीवर मुतून गेला तर काळं फिनाईल वापरू नका. त्यातलं फिनॉल मांजरांना विषारी आहे. पंजाला लागलं की चाटण्यातून पोटात जातं. एन्झाइमचा क्लीनर घ्या.

संध्याकाळचं ताट
झडपेइतकंच वेळापत्रक महत्त्वाचं. माझं ठाम मत: मुभा फक्त दिवसाउजेडी. रात्रीच भांडणं होतात, गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येतात, आणि पावसाळ्यात घोणस बागेत असू शकते. जेवणाचं ताट दिवेलागणीला, रोज त्याच वेळी, त्याच हाकेवर. ती आत आली की काच बंद. दिवसभर वाटी भरलेली ठेवलीत तर हाकेला ओ मिळणार नाही.

सुरुवातीला जेवणाआधी, भुकेली असताना, तुम्ही जवळ असताना 10–15 मिनिटं सोडा. आठवडाभरात वेळ वाढवा.

सोसायटीत उंदरांचं औषध टाकतात का, हे आधी विचारा. ब्रोमाडिओलोनच्या वड्या असतील तर ते विष खाल्लेला उंदीर मांजरीने खाल्ल्यानेही धोका आहे. लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात, म्हणून संशय आला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. व्हिटॅमिन के-1 वेळेत सुरू झालं तर मांजर वाचते. पिसवांसाठी कुत्र्यांचं परमेथ्रिनवालं औषध कधीही लावू नका, मांजर त्याने मरते. बाहेर जाणाऱ्या मांजरीला जंताचं औषध दर तीन महिन्यांनी.

अंगणवेल
खूप आभार. पट्टी आणि चिपची झडप बसली. झडप टेपने उघडी ठेवली की ती बिनधास्त जाते. पूर्ण मिटली की पंजाने स्वतःकडे ओढते, ढकलत नाही.

करवत
बहुतेक मांजरं आधी ओढूनच पाहतात. एकदम मिटू नका. टेपने पाऊण उघडी, मग अर्धी, मग दोन बोटं उघडी. प्रत्येक टप्पा दोन-तीन दिवस. पलीकडे सुकट धरा. शेवटच्या टप्प्यात खालच्या लोहचुंबकावर कागदी टेपचे दोन-तीन थर लावा, पकड सैल होते आणि नाकाच्या धक्क्यानेही झडप हलते. जमायला लागलं की रोज एक थर काढा.