बडोद्याच्या घरातल्या संगणकावर इंदूरहून एसएसएच होत नाही

सुरसागर२२: नमस्कार मंडळी. बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी उबुंटू २४.०४ चा डेस्कटॉप आहे, लॅपटॉप माझ्याजवळ इंदूरला. घरच्या वायफायवरून एसएसएच (दुरून टर्मिनलवर लॉगिन) लगेच होतं, बाहेरून 'कनेक्शन टाइम्ड आउट'. राउटरवर पोर्ट २२ (एसएसएचचं दार) डेस्कटॉपकडे फॉरवर्ड केलाय, फायरवॉलमध्येही परवानगी आहे. राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.७२ ने सुरू होतो. आईबाबांना फोनवरून काही करायला सांगता येणार नाही. पुढच्या आठवड्यात दोन दिवस घरी आहे, तेव्हाच काय ते करून ठेवायचंय. आणि पासवर्ड लॉगिन चालू ठेवावं का?

टर्मिनलवाला: उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते सीजीनॅटचे, म्हणजे कंपनीने आतल्या आत वाटलेले. इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटते, त्यामुळे बाहेरून आलेली जोडणी तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. तिथला फॉरवर्ड कितीही बरोबर असला तरी उपयोग शून्य. ('रिफ्यूज्ड' आलं असतं तर समजावं की समोर कुणीतरी आहे, फक्त त्या पोर्टवर ऐकत नाही.)

कंपनीकडून स्थिर सार्वजनिक आयपी घेता येतो, पण मी उलटा बोगदा करेन, म्हणजे घरचा संगणकच बाहेरच्या सर्व्हरला जोडून राहतो आणि तुम्ही त्या जोडणीतून आत येता. सार्वजनिक आयपी असलेला एक लहान भाड्याचा सर्व्हर घ्या. घरच्या संगणकावरून:

एसएसएच -एन -आर २२२२:लोकलहोस्ट:२२ युजर@सर्व्हर

इंदूरहून:

एसएसएच -जे युजर@सर्व्हर -पी २२२२ घरचायुजर@लोकलहोस्ट

टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचं. एन, आर, जे मोठे, पी लहान. इथेच निम्मे लोक चुकतात. दुसऱ्या कमांडमधला लोकलहोस्ट म्हणजे सर्व्हर, लॅपटॉप नव्हे. २२२२ सर्व्हरवर फक्त आतल्या बाजूने उघडतो, जगाला दिसत नाही. तसाच राहू द्या, 'गेटवेपोर्ट्स' चालू करू नका. आणि घरच्या लॉगिनची खासगी की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी गुप्त फाइल) सर्व्हरवर ठेवू नका. -जे मध्ये सर्व्हर फक्त निरोप्या असतो, आतलं काही वाचू शकत नाही.

मांडवीचा_रूट: वरचं बरोबर, पण हाताने चालवलेला बोगदा चार दिवसांत पडेल. सिस्टमडी सेवा (उबुंटू स्वतः सुरू करतो आणि पडली तर पुन्हा उठवतो असं काम) करा: रीस्टार्ट=ऑलवेज, रीस्टार्टसेक=१०. कमांडमध्ये 'एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर येस', 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३०' आणि 'सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स ३' घाला, म्हणजे पोर्ट उघडला नाही किंवा लाइन गेली तर कमांड बंद पडते आणि सेवा ती पुन्हा सुरू करते.

खरी गोची सर्व्हरच्या बाजूला असते. घरची लाइन गेली तरी सर्व्हरला जुनी जोडणी जिवंत वाटते, ती २२२२ अडवून बसते आणि नवा बोगदा उघडत नाही. म्हणून सर्व्हरच्या एसएसएचडी_कॉन्फिगमध्येही (एसएसएच सेवेची सेटिंग फाइल) 'क्लायंटअलाइव्हइंटरव्हल ३०' हवा.

सेवेला पासफ्रेज (कीवरचा पासवर्ड) टाइप करता येत नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळी, बिनपासफ्रेजची ईडी२५५१९ प्रकारची की काढा. सर्व्हरवर ऑथराइज्ड_कीज फाइलमध्ये (परवानगी असलेल्या कींची यादी) तिच्या ओळीआधी हे लिहा: रिस्ट्रिक्ट,पोर्ट-फॉरवर्डिंग,परमिटलिसन="लोकलहोस्ट:२२२२",कमांड="/बिन/फॉल्स". मग ती की चोरीला गेली तरी चोराला उलट्या बोगद्यासाठी तेवढा एकच पोर्ट उघडता येईल, सर्व्हरवर कमांड चालवता येणार नाहीत. सेवा ज्या युजरच्या नावाने चालते त्याच्याच नावाने एकदा हाताने जोडा. नाहीतर सर्व्हरची ओळख नोन_होस्ट्समध्ये (ओळखीच्या सर्व्हरांची यादी) नसल्याने सेवा अडते, आणि कारण फक्त जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदींत दिसतं.

टर्मिनलवाला: पासवर्ड बंदच करा, दोन्हीकडे. पण आधी कीने लॉगिन होतंय याची खात्री करा. .एसएसएच फोल्डरची परवानगी ७००, ऑथराइज्ड_कीजची ६००, म्हणजे फक्त मालकाला. होम फोल्डरवर ग्रुपला लिहायची परवानगी असेल तरी की नाकारली जाऊ शकते, आणि समोर फक्त 'परमिशन डिनाइड' दिसतं.

भाड्याच्या सर्व्हरवर आणखी एक सापळा असतो. मुख्य फाइलमध्ये 'नो' लिहूनही पासवर्ड चालूच राहतो, कारण एसएसएचडी_कॉन्फिग.डी फोल्डरमधली ५०-क्लाउड-इनिट फाइल (सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना आपोआप बनलेली) आधी वाचली जाते, आणि एसएसएचमध्ये जे मूल्य पहिलं सापडेल तेच चालतं. 'सुडो एसएसएचडी -टी' (मोठा टी) प्रत्यक्ष लागू असलेली मूल्यं दाखवतं. लहान टी फक्त चुका तपासतं. सेवा रीस्टार्ट करताना जुनी खिडकी उघडीच ठेवा, नव्या खिडकीतून आत जाता आलं की मगच बंद करा.

सुरसागर२२: आभार! लाइट गेली तर?

मांडवीचा_रूट: बायोसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' ऑन करा. उबुंटूत ऑटोमॅटिक सस्पेंड बंद करा, झोपलेला संगणक बोगद्याने उठत नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तो सुरू होताना पासफ्रेज मागत थांबेल, ते आधी बघा. निघण्याआधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एकदा जोडून पाहा, आणि घरच्या संगणकाची वायर काढून पुन्हा लावून, बोगदा आपोआप उभा राहतो का तेही.