प्रोसेसरच्या फॅनचा आवाज तंबोऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये येतोय, कोणता कूलर घ्यावा?

जवारी_मिरज

नमस्कार मंडळी. मिरजेत सतारमेकर गल्लीत आमचं घर आहे, खाली कारखाना आणि वर राहायला. वडील आणि चुलते तंबोरे बनवतात, मी जवारी काढतो, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात ती घासून तारांना गुंजणारा नाद आणतो, आणि गिऱ्हाइकांचं बघतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्याकडे लांबून विचारणा वाढली आहे. पुण्याचा किंवा बेळगावचा माणूस स्वतः येतो, तंबोरा मांडीवर घेतो, छेडून बघतो. कोलकात्याच्या माणसाला मात्र रेकॉर्डिंगच पाठवावं लागतं. तो हेडफोन लावून ऐकतो आणि तेवढ्यावर वाद्य घ्यायचं की नाही ते ठरवतो.

अडचण कॉम्प्युटरच्या फॅनची आहे. आय-फाइव्ह १०४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. २०२१ मध्ये असेंबल करून घेतला, प्रोसेसरवर त्याच्या खोक्यातून आलेलाच फॅन आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी छताचा पंखा बंद, खिडक्या बंद, गल्लीतला आवाज नको म्हणून दाराला गोधडी लावलेली. त्यात खोली तापते. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघितलं तर नुसता ब्राउझर उघडला तरी तापमान ५५ वरून ७८ अंशांवर जातं, फॅन १३०० फेऱ्यांवरून २४०० वर चढतो आणि थोड्या वेळात परत उतरतो. दिवसभर हेच वर-खाली.

थोडी घरघर आली तर काय बिघडलं, असं कुणाला वाटेल. बिघडतं ते सांगतो. फॅनला सात पाती आहेत. मिनिटाला २४०० म्हणजे सेकंदाला ४० फेऱ्या, गुणिले सात, म्हणजे २८० हर्ट्झचा सूर. आता काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातला) पुरुषी तंबोरा घ्या. जोडीची (मधल्या दोन सारख्या तारांपैकी) तार १३८.६ हर्ट्झवर, तिचा दुपटीचा स्वर २७७ वर. हे दोन सूर इतके जवळ आले की त्यांच्यात सेकंदाला तीनेक हेलकावे ऐकू येतात. तयार कानाला वाटतं की जोडच नीट मिळालेली नाही. एका गिऱ्हाइकाने तसं विचारलंही, आणि वाद्य तर अगदी सुरात होतं. त्यात फॅनचा वेग बदलला की तो सूर सरकतो, म्हणजे कान सवय करून घेऊ शकत नाही.

ऑडासिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन (गोंगाट काढण्याची सोय) लावलं की फॅन जातो, पण जवारीही जाते. तार छेडल्यावर वरचे बारीक स्वर हळूहळू फुलत येतात, तेच नेमके सॉफ्टवेअरला गोंगाट वाटतात. कानस घेऊन घोडीवर दिवस-दिवस बसून जे काढलं, ते एका क्लिकमध्ये पुसायचं हे मला पटत नाही.

तीन-चार हजार खर्च करू शकतो. कोणता कूलर घेऊ? आणि मुळात कूलर बदलून हे सुटेल का? एप्रिल-मेमध्ये खोली ३६-३७ अंशांवर असते, तेही धरून सांगा.

कृष्णाकाठ_कराड

दादा, २४० मिलीमीटरचा लिक्विड कूलर लावा. माझ्याकडे आहे, गेम खेळतानाही तापमान ६५ च्या वर जात नाही. बजेट थोडं वाढवावं लागेल, पण एकदाच खर्च.

वखारभाग_दुरुस्ती

कराडकरांचं गेमिंगसाठी बरोबर आहे, पण इथे लिक्विड नको. त्यात द्रव फिरवणारा पंप असतो आणि तो सतत फिरत राहतो. प्रोसेसर थंड असला, फॅन जवळपास थांबलेले असले, तरी पंपाची बारीक शिट्टी चालू. गेममध्ये ती ऐकू येत नाही, मायक्रोफोन लावून तंबोरा छेडणाऱ्याला येईल. शिवाय तुमचा प्रोसेसर ६५ वॅटचा आहे, त्याला एवढं कशाला?

जवारीदादा, पैसे खर्च करायच्या आधी कॅबिनेट उघडा. ब्राउझर उघडल्यावर तेवीस अंशांची उडी ही नुसत्या उन्हाळ्याची नाही. खोली जितकी तापेल साधारण तितकंच प्रोसेसरचं तापमान वर सरकतं, पण ते सावकाश सरकतं. अशी एकदम उडी म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत (फॅनखालच्या धातूच्या पट्ट्यांच्या ठोकळ्यापर्यंत) नीट पोचत नाहीये. मी सांगलीत मशीन दुरुस्त करतो, त्या खोक्यातल्या कूलरचे माझे अनुभव असे.

त्याला प्लास्टिकच्या चार पिना असतात, मदरबोर्डच्या भोकात दाबून बसवायच्या. चारपैकी एक अर्धवट बसली की हीटसिंक एका कोपऱ्यात उचललेला राहतो. वरून बघून कळत नाही. बोर्डाच्या मागून बघा, चारही पिनांची काळी टोकं सारखी बाहेर आलेली दिसली पाहिजेत. काढायच्या असतील तर डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवा आणि वर ओढा.

मग धूळ. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्यांवरची मशीन माझ्याकडे येतात, त्यांच्या हीटसिंकमध्ये पिवळा थर असतो. हळदीत तेल असतं, त्यामुळे तो थर चिकट होतो आणि नुसत्या ब्लोअरने निघत नाही. तुमच्याकडे लाकडाचा भुसा आणि वर पॉलिशची वाफ, तोच प्रकार असणार. हीटसिंक उतरवून फॅन वेगळा करा, मऊ ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने फटी साफ करा. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी सोडली तर भलत्या वेगाने फिरतात आणि बेअरिंग खराब होतं. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता पोचवणारी जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा.

यानंतर बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जा. फॅनच्या पानावर आधी बघा की मोड पीडब्ल्यूएम (वेगळ्या तारेवरच्या सिग्नलने वेग ठरवणारा) आहे. चार तारांच्या फॅनला तोच लागतो. मग तापमान आणि वेगाचा आलेख हाताने आखा. ६५ अंशांपर्यंत एकच वेग, सपाट रेघ. तिथून पुढे हळूहळू चढ, ८५ ला पूर्ण वेग. वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सेटिंगही बहुतेक बोर्डांवर असते, ती जास्तीत जास्त ठेवा. म्हणजे ब्राउझरची क्षणिक उडी फॅनपर्यंत पोचणारच नाही. तुम्हाला खरा त्रास वर-खाली होण्याचा आहे, तो इथे फुकटात जातो.

त्याच बायोसमध्ये पॉवर लिमिट असते. तुमचा प्रोसेसर थोडा वेळ ६५ च्या दुपटीने वीज ओढू शकतो. कायमची आणि थोड्या वेळाची, दोन्ही मर्यादा ६५ वॅटवर आणा. रेकॉर्डिंगला काही फरक जाणवणार नाही.

एवढं करून पुरलं नाही तर कूलर बदला. १२० मिलीमीटर फॅनचा उभा टॉवर घ्या, डीपकूल एके४०० किंवा कूलर मास्टर हायपर २१२. दोन्ही तुमच्या बजेटमध्ये बसावेत. नॉक्टुआ कंपनीचे कूलर उत्तम, पण खूप महाग, आणि ६५ वॅटला त्याची गरज नाही. मोठा फॅन सावकाश फिरून तेवढीच हवा ढकलतो, सगळा फायदा तिथे आहे. त्याच फॅनचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. मात्र उंची मोजा. एके४०० ची १५५ मिलीमीटर आहे, हायपर २१२ ची जवळपास १५९. लहान कॅबिनेटचं झाकण लागत नाही आणि गिऱ्हाईक कूलर परत घेऊन येतं, हे माझ्याकडे नेहमीचं आहे.

अजिंक्यतारा_साउंड

साताऱ्यात छोटा स्टुडिओ चालवतो. वरचं सगळं करा, पण माझं म्हणणं, कॅबिनेट त्या खोलीत हवंच कशाला? ते शेजारच्या खोलीत ठेवा. मायक्रोफोनची एक्सएलआर (तीन पिनांची) केबल १५-२० मीटर बिनधास्त नेता येते, आवाज खराब होत नाही. यूएसबीची मात्र पाच मीटरच्या आत ठेवा, म्हणून ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन कॉम्प्युटरला जोडणारा डबा) कॅबिनेटजवळच राहू द्या. मग गेनचं (मायक्रोफोनचा आवाज कमी-जास्त करायचं) बटण लांब पडेल, त्यावर उपाय म्हणजे २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सर्वात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. पुन्हा पुन्हा हात लावावा लागत नाही. केबल विजेच्या वायरला समांतर टाकू नका, ५० हर्ट्झची भुणभुण शिरते, आणि खरजाच्या (सर्वात खालच्या सुराच्या) तारेखाली ती लगेच कळते.

हलवणं जमत नसेल तर कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या) मायक्रोफोनची पाठ कॅबिनेटकडे करा. मागचा आवाज तो सगळ्यात कमी घेतो.

जवारी_मिरज

वखारभागवाले दादा, मागच्या बाजूने टॉर्च मारून बघितलं, एक पिन खरंच अर्ध्यातच होती. फटींमध्ये भुशाचा नुसता नमदा झालेला, पॉलिशमुळे घट्ट बसलेला. साफ करून, पेस्ट लावून, चारही पिना खटकन बसवल्या. आता रिकाम्या वेळी ४४, ब्राउझर उघडला तर ५९-६०. सपाट रेघ आणि ६५ वॅट दोन्ही केलं. फॅन ११०० वर स्थिर आहे.

कानाला काय फरक पडला ते सांगतो, कारण माझ्यासाठी तेच महत्त्वाचं. ११०० ला सूर १२८ च्या आसपास येतो, काळी एकच्या षड्जाच्या खाली, आणि तिथेच थांबतो. हेलकावे गेले. पण पूर्ण शांत नाही. जोड विरत जाते तेव्हा शेवटच्या टप्प्यात तो मागे जाणवतो, आणि जवारीची पारख तिथेच होते. नवा तंबोरा किती वेळ बोलतो हे गिऱ्हाइकाला ऐकवायचं असेल तर शेवटपर्यंत स्वच्छ पाहिजे. म्हणून साताऱ्याच्या दादांचंही करणार. जिन्याजवळच्या खोलीत टेबल आहे, केबल दाराखालून जाईल. पण तिथे चुलत्यांचं पॉलिशचं काम चालतं, त्यामुळे धूळ परत आलीच. टॉवर घेतला तर तो कमी भरेल का? आणि मेमध्ये ७५ पर्यंत गेलं तर प्रोसेसरला धोका?

वखारभाग_दुरुस्ती

७५ ला काहीही होत नाही. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे, तिथे पोचला तर तो स्वतःच वेग कमी करतो. ८० च्या आत असाल तर निर्धास्त राहा.

धूळ टॉवरमध्येही भरते, पण पट्ट्यांमध्ये अंतर जास्त असतं आणि फॅन क्लिपवर असतो, पाच मिनिटांत काढून ब्रश मारता येतो. पिनांशी झटापट नाही. तुमच्या जागी मी त्यासाठीच टॉवर घेईन. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला बारीक जाळी लावा आणि पॉलिशच्या दिवशी मशीन बंद ठेवा. प्रोसेसरपासून झाकणापर्यंत आतलं माप किती भरतं?

जवारी_मिरज

आत्ताच पट्टी लावली. प्रोसेसरच्या वरच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंत १५७.

वखारभाग_दुरुस्ती

मग हायपर २१२ विसरा, एके४०० बसेल. दोनच मिलीमीटर उरतात, म्हणून बसवायच्या आधी झाकणाच्या आतल्या बाजूला फोम चिकटवलेला असेल तर काढून टाका. बोर्डामागे एक पट्टी लावावी लागते. कॅबिनेटला मागून खिडकी असेल तर बोर्ड न काढता जमतं, नसेल तर मशीन घेऊन या.