२०२५ रेल्वेचं वर्ष म्हणे, मग आमच्या दाराचं काय?

चौथी_सीट

वर्ष संपलं की सगळे आढावे लिहितात म्हणून मीपण रेल्वेचा लिहायला बसलो, कारण मसाला भरपूर होता. इंग्लंडात स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेला २७ सप्टेंबरला २०० वर्षं झाली. आपल्याकडे ३ फेब्रुवारीला विजेवरच्या गाडीची शंभरी, आणि ती पहिली गाडी धावली कुठे तर व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला, आपल्या हार्बर लाइनवर! ६ जूनला काश्मीरकडच्या चिनाबवरचा रेल्वेपूल सुरू, नदीपासून ३५९ मीटर उंच. चीन ताशी ४०० ने पळवायच्या गाडीच्या चाचण्या घेतोय. अमेरिकेला रेल्वेचं कधी कौतुक नव्हतं, तिकडेसुद्धा ऑगस्टमध्ये असेला नावाची नवीन वेगवान गाडी आली, ताशी २५७ किमीवाली.

इथपर्यंत लिहिलं आणि ९ जून आठवला. चिनाबच्या उद्घाटनाला तीनच दिवस झाले होते. सकाळची गर्दी, मुंब्र्याचं वळण, एक लोकल कसाऱ्याहून सीएसएमटीला येतेय, दुसरी कर्जतला चाललीय, दोन्हीच्या दारात माणसं लटकलेली, ती एकमेकांना घासली आणि खाली पडली. चौघं त्याच दिवशी गेले. त्यानंतर रेल्वे म्हणाली की साध्या, बिनएसी लोकललाही आपोआप बंद होणारी दारं लावू.

म्हणजे बुलेट ट्रेनला १ लाख ८ हजार कोटी आधी मंजूर होतात आणि लोकलला दार लावायचं सुचायला माणसं पडावी लागतात. माझ्या मते वर्षाची सगळ्यात मोठी बातमी ते दार आहे, पूल नाही. कोणाला पटत नसेल तर बोला.

बीकेसी_रोज

नाही पटत. बुलेटचं नाव निघालं की लोकलचं रडगाणं सुरू, हे आता नेहमीचंच झालंय. अहो ते जपानी कर्ज बुलेटसाठीच मिळालंय, ०.१ टक्के व्याज आणि ५० वर्षांत फेडायचं, ते उचलून लोकलच्या दाराला लावता येत नाही. आणि मुंबईची मेट्रो ३ पण जपानच्याच कर्जातून झाली ना? ऑक्टोबरमध्ये पूर्ण सुरू झाली, आरे ते कफ परेड साडेतेहेतीस किमी, २७ स्टेशनं. मी मरोळहून चढतो, शर्टाची इस्त्री विधान भवनला उतरेपर्यंत तशीच असते. तिलाही दारं आहेत, आणि फलाटावरही काचेची दारं आहेत. मोठी कामं झाली की सवयी पण बदलतात.

चौथी_सीट

@बीकेसी_रोज कर्ज बुलेटसाठी मिळालं कारण आपण बुलेटसाठी मागितलं. आकाशातून नाही पडलं. आणि मेट्रो ३ ला या टोकापासून त्या टोकापर्यंत ७० रुपये लागतात. लोकलचं सेकंडचं तिकीट ५ रुपयांपासून सुरू होतं. इस्त्री टिकते ती ज्याला परवडते त्याची.

कळवा_कारशेड

दोघांचंही चुकतंय, आणि हे मी रोज कळव्याच्या कारशेडमधून, म्हणजे रिकाम्या गाड्या उभ्या असतात तिथूनच, गाडी पकडणारा माणूस म्हणून सांगतोय (करू नये, माहितीये, करतो).

दार लावलं म्हणून गर्दी कमी होत नाही, ती फक्त फलाटावर राहते. रेल्वेच्या भाषेत आपल्या गर्दीला सुपर डेन्स क्रश लोड म्हणतात, एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी. आता विचार करा, गाडी थांबणार वीस-तीस सेकंद, एसी लोकलमध्ये बघतोच आपण, एकाची सॅक दारात अडकली की दार लागत नाही, दार लागल्याशिवाय मोटरमन गाडी काढू शकत नाही, आतले ओरडतायत बॅग घे बॅग घे, बाहेरचा म्हणतो थोडं आत सरका, आणि मागे दोन फास्ट सिग्नलला उभ्या. शिवाय साध्या डब्यात दार बंद केलं तर हवा कुठून येणार? त्यावर रेल्वेने दाराला झडपा, छतावर हवा खेचणारी यंत्रं आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट अशा तीन गोष्टी सांगितल्यात. कागदावर बरं आहे. मे महिन्यात दिवा स्टेशनवर बोलू.

खरा उपाय वर कोणीच बोलला नाही. कळवा-ऐरोली जोडमार्ग. कल्याणकडून नवी मुंबईला जाणाऱ्यांनी ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बरची लोकल धरायचीच गरज नाही, सरळ निघून जातील. दिघा स्टेशन झालं, जानेवारी २०२४ मध्ये सुरूही झालं, आणि पुढचा टप्पा घरांच्या पुनर्वसनात अडकलाय. याला ना फीत कापायची हौस, ना फोटो.

ठाण्याची_मावशी

@कळवा_कारशेड तुमच्यासारखे कारशेडातून बसून येतात म्हणूनच ठाण्याला आम्हाला रिकाम्या गाडीतही उभं राहावं लागतं, पण ते असो.

दाराला विरोध करणारे बहुतेक दारात हवा खाणारे पुरुष असतात असं माझं तेवीस वर्षांचं निरीक्षण आहे. आमच्या डब्यात दारातली जागा कोणाला हौसेने नको असते. मधल्या उभ्या दांड्याला एक हात, दुसऱ्या हातात डबा, पर्स पोटाशी, आणि मागून मुलुंडला उतरणारी म्हणते मावशी जरा जागा द्या. कुठे देऊ? बाहेर? एकदा पावसात माझी चप्पल सटकली, एक पाय पायरीवर आणि एक हवेत. मागच्या एका मुलीने माझ्या ब्लाउजची पाठ मुठीत धरली आणि भांडुप येईपर्यंत सोडली नाही. तिचं नावही विचारलं नाही मी, भायखळ्याला उतरून गेली. त्या दिवशी दार असतं तर मला ती मूठ लागली नसती. वीस सेकंदांचा हिशोब तुम्ही करा.

हापूस_आणि_मी

विषयांतर करतो पण वर्षातली सगळ्यात विनोदी रेल्वे बातमी कोणी घेतलीच नाही. कोकण रेल्वेने गणपतीत मोटारी वाहून नेणारी रो-रो गाडी सुरू केली, एका खेपेला ४० मोटारींची सोय, भाडं ७८७५ रुपये. चढवायची कुठे तर कोलाडला! म्हणजे मुंबईहून कोलाडपर्यंत त्याच हायवेवरचे खड्डे खात गाडी हाकायची आणि मग ती रेल्वेवर चढवून निवांत बसायचं. आणि उतरवायची गोव्यात वेर्ण्याला, माझं गाव मधेच गेलं राव. सुरुवातीला कोणी फिरकेना, मग नांदगाव रोडला थांबा दिला. आमच्या काकांनी हिशोब केला आणि तुतारी एक्सप्रेसचं वेटिंग तिकीट काढलं.

बीकेसी_रोज

@ठाण्याची_मावशी तुमच्या अनुभवापुढे काय बोलणार. पण माझा मुद्दा असा की जपानची बुलेट ट्रेन, शिंकान्सेन, १९६४ पासून धावतेय आणि गाडी घसरून किंवा टक्कर होऊन एकही प्रवासी गेलेला नाही. ती शिस्त, ती देखभाल बुलेटबरोबर इथे येईल आणि लोकलपर्यंत झिरपेल.

कळवा_कारशेड

झिरपायला पावसाळ्यात फक्त पाणी झिरपतं, तेही रुळांवर :))

देखभालीचंच म्हणत असाल तर लिस्बनचं बघा. ग्लोरियाची उतारावरची केबलगाडी १८८५ पासूनची, पर्यटकांची लाडकी. ३ सप्टेंबरला केबल तुटली, १६ माणसं गेली. तपासात निघालं की ती केबल माणसं वाहणाऱ्या गाडीसाठी प्रमाणितच नव्हती. आणि युरोपात राहू द्या, आपली मोनोरेल आठवा. १९ ऑगस्ट, पावसाने हार्बर बंद, लोक मिळेल त्यात चढले, १०४ टनांची मर्यादा असलेल्या गाडीत १०९ टन भरले आणि ती भक्ती पार्कजवळ हवेत थांबली. काचा फोडून पाचशेहून जास्त माणसं काढली. सप्टेंबरमध्ये बंदच केली. तिला दारं होती बरं का, चांगली बंद होणारी. पण मागची गाडी कधी येईल याचा भरवसा नसला की माणूस आहे त्या गाडीत घुसतोच. गाड्या वाढवा, मग दार लावा.

चौथी_सीट

@कळवा_कारशेड हे मात्र मान्य. मी दार म्हणत होतो ते एकटं दार नाही, त्यामागच्या वाढीव गाड्या आणि डबे धरूनच. धाग्यात नीट लिहिलं नाही, चूक माझी. पण दार थांबवून गाड्यांची वाट बघायची का? तर नाही. दोन्ही एकदम मागू, त्यातलं एक तरी मिळेल.

कळवा_कारशेड

मागा. पण त्या बंद दारामुळे जो दिवा स्टेशनच्या फलाटावर राहील त्याने ऑफिसात काय सांगायचं तेवढं लिहा. माणूस हौसेने नाही लटकत, लेटमार्कसाठी लटकतो. आमच्याकडे तीन लेटमार्क झाले की अर्धी रजा जाते.

ठाण्याची_मावशी

तीन? आमच्याकडे दोनालाच.